शंभरातले साडेचोपन्न रुपये शिक्षकांचे : कर्वेनगरमधल्या एका योगवर्गाविषयी

कर्वेनगरमधल्या ज्या योगवर्गाला मी गेली दोन वर्षे जाते, तेथे चपलांच्या मांडणीशेजारी भिंतीवर दर महिन्याच्या ५ तारखेला एक कागद चिकटवला जातो. फुलस्केप कागद, निळ्या शाईतले हस्ताक्षर, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. गेल्या महिन्यात अभ्यासक किती होते, फी किती जमली, जागेचे भाडे, वीज आणि साफसफाई यांवर किती गेले, शिक्षकांना किती दिले आणि शिल्लक काय राहिली, एवढेच त्यावर असते. सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे पहिल्याच दिवशी चपला काढता काढता माझी नजर त्या कागदावर खिळली आणि आत जायला मला दोन मिनिटे उशीर झाला. योगवर्गाचा असा जमाखर्च मी तोवर कोठेही उघड्यावर लावलेला पाहिला नव्हता. या वर्गाविषयी लिहायचे ते मुख्यतः त्या कागदामुळे.

वर्गाचे नाव मी देत नाही, कारण प्रतीक्षायादी आधीच लांब आहे आणि नाव छापू नये अशी वर्ग चालवणाऱ्या ताईंची इच्छा आहे. जागा म्हणजे एका जुन्या बंगल्याचा पहिला मजला. दोन खोल्यांमधली भिंत काढून केलेले एक लांबट दालन, शहाबादी फरशी, पूर्वेला तीन खिडक्या. सोळा मॅट अंथरल्या की दोन मॅटमध्ये हात पसरण्याइतकी जागा उरते आणि सतरावी मॅट तेथे घातली जात नाही. दिवसाला चार तुकड्या होतात : सकाळी सहाची, सव्वासातची, साडेदहाची आणि संध्याकाळी साडेसहाची. सोमवार ते शुक्रवार, प्रत्येकी तासाभराची. ताई स्वतः एक तुकडी घेतात, एक तरुण शिक्षिका दोन घेतात आणि एक शिक्षक संध्याकाळची घेतात. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड आणि घडीच्या चादरी एका उघड्या कपाटात ठेवलेल्या असतात आणि वर्ग संपल्यावर त्या जशाच्या तशा घडी करून ठेवणे हा अभ्यासाचाच भाग मानला जातो.

शिकवण्याविषयी सांगायचे तर, तरुण शिक्षिकेने लोणावळ्याच्या कैवल्यधामातून, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतून, पूर्णवेळ पदविका घेतली आहे आणि तिच्या शिकवण्यात त्या शिस्तीची खूण दिसते. माझा डावा गुडघा दुखरा आहे, हे मी पहिल्या दिवशी अर्जात लिहिले होते. तिसऱ्या दिवशी वज्रासनात बसताना मी काही बोलण्यापूर्वीच तिने चादरीची सुरळी करून माझ्या पोटरी आणि मांडीच्या मध्ये सरकवली, दुसरी घडी घोट्याखाली दिली आणि म्हणाली, “काकू, आता वजन मागे सोडा. दुखलं तर सांगा, सहन करू नका.” शेजारी बसणाऱ्या आजींचा खांदा आखडलेला आहे, त्यांना गोमुखासनात हात पाठीमागे जुळवण्याचा आग्रह न करता ती त्यांच्या हाती पट्टा देते आणि महिन्याभरात दोन हातांतले अंतर किती कमी झाले, ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवते. प्रत्येक अभ्यासकाचे त्या वहीत एक पान आहे. वर्ग संपल्यावर मॅट गुंडाळता गुंडाळता मी तिला त्या पानांवर लिहिताना रोज पाहते. हे लिहिणे वर्गाच्या तासात धरलेले नसते, आणि फीचा प्रश्न खरा सुरू होतो तो येथूनच.

गेल्या महिन्याचा कागद मी ताईंच्या परवानगीने उतरवून घेतला. अभ्यासक ५८. फी तीन स्तरांत : २,२०० रुपये भरणारे ११, १,७०० भरणारे ३५ आणि १,१०० भरणारे १२. एकूण जमा ९६,९०० रुपये. खर्चाच्या बाजूला जागेचे भाडे २४,०००, वीज आणि साफसफाई ५,४००, साहित्य आणि चादरींची धुलाई २,५००. त्यानंतर शिक्षकांचे मानधन : बावीस दिवस, चार तुकड्या, म्हणजे ८८ वर्ग, प्रत्येक वर्गाला ६०० रुपये, एकूण ५२,८००. उरलेल्या १२,२०० रुपयांतून ४,००० शिक्षकांच्या रजा निधीत जातात आणि ८,२०० ताईंना व्यवस्थापनासाठी मिळतात. ताईंच्या स्वतःच्या तुकडीलाही तेच ६०० रुपये लागतात; वर्ग त्यांचा आहे म्हणून एक रुपयाही जास्त नाही. जमा झालेल्या शंभर रुपयांतले साडेचोपन्न रुपये थेट शिकवणाऱ्याच्या हाती पडतात, असा याचा अर्थ होतो.

या आकड्याचे मोल मला कळते, कारण याआधी आठ महिने मी दुसरीकडे जात होते. ते ठिकाण एका मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत होते. वातानुकूलित दालन, लाकडी जमीन, मंद सुगंध, मोबाइलवरून जागा राखून ठेवण्याची सोय, सगळे नीटनेटके होते. महिन्याची फी ३,५०० रुपये आणि त्यावर त्या वेळचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये. आठ महिन्यांत आमच्या तुकडीचे शिक्षक तीनदा बदलले. प्रत्येक नव्या शिक्षकाला माझा गुडघा नव्याने समजावून सांगावा लागे. तिसरी शिक्षिका फार मनापासून शिकवत असे. एके दिवशी तिचा घसा पूर्ण बसला होता, तरी ती शिकवायला उभी राहिली. शब्द फुटत नसल्याने प्रत्येक आसन स्वतः करून दाखवत राहिली. वर्ग सुटल्यावर जिन्यात भेटली तेव्हा मी सहज म्हटले, “अगं, आज सुट्टी घ्यायचीस की.” तिने सांगितले की सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे जातात आणि बदली शिक्षक तिनेच शोधून द्यावा लागतो. वर्गाला तिला ३५० रुपये मिळत होते. दोन वर्गांमधल्या अर्ध्या तासात स्वागतकक्षात थांबून नव्या लोकांना वर्षाच्या योजनेची माहिती द्यावी लागे. त्याचे वेगळे काही मिळत नसे.

घरी येऊन मी कागद पेन्सिल घेतली. आमच्या तुकडीत सरासरी चोवीस जण असत. ३,५०० भागिले २२ म्हणजे माणशी दिवसाचे १५९ रुपये. चोवीस जणांचे ३,८०० रुपयांच्या वर. त्यातले ३५० शिक्षिकेचे. शंभरातले जेमतेम नऊ रुपये. मुख्य रस्त्यावरच्या जागेचे भाडे जबर असते, वातानुकूलनाचे वीजबिल मोठे असते, जाहिरातीला पैसा लागतो, हे सारे मला ठाऊक आहे. तो व्यवसाय चालवणाऱ्याने कर्ज काढले असेल तर त्याच्या हप्त्याचाही विचार मी करते. पण खर्चाचा ताळेबंद जुळवताना सगळ्यात आधी शिकवणाऱ्याच्या ताटातली भाकरी कमी केली जात असेल, तर त्या जागेत मी काय विकत घेत होते, हा प्रश्न मला पडला. सुगंध आणि लाकडी जमीन यांना मी शंभरातले एक्याण्णव रुपये देत होते, आणि ज्या कारणासाठी गेले होते त्याला नऊ. ज्यांना ते वातावरण हवे असेल त्यांनी ते खुशाल घ्यावे. मला गुडघ्याकडे पाहणारे कुणी हवे होते.

तेथली वर्षाची योजनाही मला त्या वेळी नीट उमगली नव्हती. बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की तीन महिने फुकट, असे तिचे स्वरूप होते. पंधरा महिन्यांचा हिशेब मांडून पाहा : महिन्याची फी २,८०० वर येते, आणि जे लोक जानेवारीत उत्साहाने पैसे भरून मार्चमध्ये यायचे थांबतात त्यांच्या पैशांवर ही सवलत तरते. न येणाऱ्यांच्या पैशांवर चालणारा वर्ग येणाऱ्यांची फार काळजी करील, अशी अपेक्षा मला धरवत नाही. कर्वेनगरच्या वर्गात फी महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची घेतात. त्यात सूट नाही आणि मधेच आजारपण आले तर उरलेले दिवस पुढे धरले जातात.

शिक्षकाला वर्गामागे ठराविक रक्कम द्यावी की डोक्यामागे, यावर ताईंशी माझे एकदा बराच वेळ बोलणे झाले. डोक्यामागे दिले तर शिक्षक मेहनत घेईल, असे सांगणारे पुष्कळ असतात. ताईंचे म्हणणे असे की डोक्यामागे पैसे मिळू लागले की शिक्षकाचे डोळे दाराकडे लागतात. सतरावी मॅट घालावी असे त्यालाच वाटू लागते, दुखऱ्या कमरेच्या माणसाला “तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा” हे सांगणे त्याच्या जिवावर येते. म्हणून येथे पावसामुळे चारच जण आले तरी ६०० रुपये, सोळा आले तरी ६००. गर्दी कमी झाली तर ती चिंता वर्ग चालवणाऱ्याने करायची. मला हे अगदी पटते. बँकेत मुदत ठेवी गोळा करण्याचे लक्ष्य ज्यांच्या माथी मारले जाई, त्यांना ग्राहकाचे हित पाहणे किती अवघड होत असे, ते मी जवळून पाहिले आहे.

तरीही ६०० रुपये या आकड्याकडे बारकाईने पाहायला हवे. “तासाला सहाशे! वाईट काय?” असे आमच्याच तुकडीतल्या एका गृहस्थांनी विचारले होते. तास एकच, हे खरे नाही. शिक्षिका वर्गाच्या पंधरा मिनिटे आधी येते, खिडक्या उघडते, फरशीवर हात फिरवून ओल पाहते. वर्गानंतर पंधरा-वीस मिनिटे कोणी ना कोणी थांबवून ठेवते. वहीतली पाने लिहायची असतात. दुसऱ्या दिवशीचा क्रम ठरवायचा असतो, कारण उच्च रक्तदाब असलेल्या तिघांना शीर्षासनाच्या वेळी काय द्यायचे हे आयत्या वेळी सुचत नाही. येण्याजाण्याचा वेळ वेगळाच. सगळे धरले तर एका वर्गामागे अडीच तास सहज जातात आणि सहाशेचे तासाला २४० होतात. शिवाय दिवसातून किती वर्ग घ्यावेत, याला शरीराची मर्यादा आहे. करून दाखवणे, वाकून दुसऱ्याला आधार देणे, सतत बोलणे, हे तीन वर्ग झाल्यावर चौथ्या वर्गात शिक्षकाच्याच कमरेवर येते. ऑफिसात आठ तास बसणाऱ्याचा पगार आणि योगशिक्षकाच्या तासाचा दर यांची सरळ तुलना करणारे लोक हे विसरतात की योगशिक्षकाला आठ तास विकताच येत नाहीत. येथली तरुण शिक्षिका दोन तुकड्यांचे महिन्याला २६,४०० रुपये मिळवते. तीन तुकड्या घेतल्या असत्या तर ३९,६०० झाले असते. पुण्यात दोन खोल्यांचे भाडे भरून, पदविकेसाठी घातलेले पैसे वसूल करून, घर चालवायचे तर हा आकडा चैनीचा नाही.

फीचा विषय निघाला की आमच्याकडे कोणीतरी हमखास म्हणते की योग विकायचा नसतो. हे वाक्य मी हलक्यात घेत नाही. माझे माहेर नागपूरचे. तेथे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ वर्षानुवर्षे विनामूल्य वर्ग चालवत आले आहे. माझी आई तेथेच शिकली आणि पुढे सांध्यांच्या दुखण्यातही स्वतःच्या पायांवर राहिली, याचे श्रेय ती त्या वर्गालाच देते. तिला शिकवणारे गृहस्थ निवृत्त सरकारी कर्मचारी होते. एक पैसा न घेता त्यांनी जीव ओतून शिकवले आणि त्या सेवेपुढे मी आजही हात जोडते. पण त्यांच्या घरची चूल निवृत्तिवेतनावर पेटत होती. ज्या सव्वीस वर्षांच्या मुलीची चूल शिकवण्यावरच पेटते, तिला त्यांचे उदाहरण देऊन कमी पैशांत राबवणे म्हणजे त्यांच्या त्यागाचा गैरवापर करणे होय. आणि अशी उदाहरणे देणारा स्वतः महिना ३,५०० फी घेत असेल, तर ते अधिकच बोचते. याच पुण्यात १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आलेल्या तरुण बी. के. एस. अय्यंगारांनी सुरुवातीची वर्षे मोठ्या ओढगस्तीत काढली. पुढे १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली आणि जगभरातून विद्यार्थी येऊ लागले, म्हणून ती ओढगस्त योग्य ठरत नाही. तशाच ओढगस्तीला कंटाळून किती चांगले शिक्षक दुसऱ्या नोकरीला लागले असतील, त्यांची नावे आपल्याला कळणारच नाहीत.

फी परवडणे हा दुसरा काठ आहे, आणि या वर्गाने तोही सोडलेला नाही. तीन स्तरांपैकी आपला स्तर अभ्यासकाने स्वतः निवडायचा असतो. अर्जावर तीन चौकोन आहेत आणि खाली एवढेच लिहिले आहे : “मधली फी हा वर्गाचा खरा खर्च आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी वरची भरावी, म्हणजे ज्यांना जड जाते त्यांना खालची भरता येईल.” उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, कारण विचारत नाहीत, आणि कोण किती भरतो हे ताईंखेरीज कोणालाही कळत नाही, शिक्षकांनाही नाही. मला सुरुवातीला शंका होती की सगळेच खालचा चौकोन भरतील. दोन वर्षांचे कागद मी पाहत आले; खालच्या स्तरात दहा ते चौदा, वरच्यात नऊ ते बारा, यापलीकडे आकडा गेलेला नाही. मागे पाहता मला वाटते, याचे कारण तो भिंतीवरचा कागदच आहे. आपले पैसे कोठे जातात हे डोळ्यांसमोर असले की माणूस सहसा हात आखडता घेत नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. स्वच्छतागृह एकच आहे. गाडी लावायला जागा नाही. सव्वासातच्या तुकडीच्या वेळी गल्लीत दुचाकींची अडचण होते. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळच्या तुकडीत जवळच्या ढोलपथकाचा सराव ऐकू येतो आणि शवासनात मन लागत नाही. ऑनलाइन वर्ग घेत नाहीत, त्यामुळे परगावी गेले की खंड पडतो. सकाळी सहाच्या तुकडीत जागा मिळायला दोन-अडीच महिने थांबावे लागते.

यांहून मोठी उणीव कागदातच दिसते. ताईंचे ८,२०० रुपये फार कमी आहेत. प्रवेश, फोन, पावत्या, जागामालकाशी बोलणी, बदली शिक्षक शोधणे, आणि तोटा झाला तर तो सोसणे, एवढ्या सगळ्याचे ते मोल होऊ शकत नाही. ज्या महिन्यात सुट्ट्यांमुळे अभ्यासक घटतात त्या महिन्यात पहिली कात्री याच रकमेला लागते. मागच्या मे महिन्याच्या कागदावर ती २,९०० होती. दुसऱ्यांना न्याय देणारी व्यक्ती स्वतःला कमी देत राहिली, तर तिच्या आजारपणात किंवा थकव्यात सगळी घडी विस्कटेल. रजा निधी ही चांगली सुरुवात आहे. त्यातून शिक्षकांना वर्षाला बारा वर्गांची भरपगारी रजा मिळते आणि बदली शिक्षकाचे मानधनही निघते. मात्र भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही, आणि वर्गामागचे ६०० रुपये गेली दोन वर्षे जागच्या जागी आहेत, तर याच काळात भाडे दोनदा वाढले. मी हे सूचनांच्या वहीत दोनदा लिहिले. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात भाड्याइतकीच मानधनाचीही वाढ धरावी, असे माझे म्हणणे आहे.

कराविषयी थोडे, कारण नवे वर्ग सुरू करणारे अनेकजण विचारतात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. या वर्गाची उलाढाल पावणेबारा लाखांच्या आसपास जाते, म्हणून पावतीवर कर नसतो. मोठ्या योगकेंद्रांच्या सेवेवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. जेथे हा फरक फीमध्ये उतरला नसेल तेथे अभ्यासकांनी पावती पाहून जरूर विचारावे.

प्रवेशासाठी आधी दोन दिवस वर्ग पाहता येतो. त्या दोन दिवसांचे पैसे घेत नाहीत, पण शिक्षकाला त्यासाठी काही कमी मिळत नाही, हे मी विचारून घेतले. येताना सुती कपडे, रिकामे पोट आणि जुन्या दुखण्यांचे कागद आणावेत. या महिन्याच्या ५ तारखेला लागलेल्या कागदाखाली ताईंनी चार ओळी जोडल्या आहेत : जुलैपासून वर्गामागे मानधन ६५० रुपये होईल आणि मधली फी १,८०० होईल, वरची आणि खालची फी आहे तीच राहील. वाढीव मानधनाला महिन्याला ४,४०० रुपये लागणार आहेत. मी मधल्या स्तरातून वरच्या स्तरात जात असल्याचे ताईंना काल कळवले. त्यामुळे मधल्या चौतीस जणांचे ३,४०० आणि माझे ५००, असे ३,९०० होतात. राहिलेल्या ५०० रुपयांसाठी मधल्या चौकोनातले अजून दोघे वर सरकायला हवे आहेत.